हळदीतली डावी रेघ

सांगलीच्या डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं की वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही आणि दुचाकीवर तर बसायचंच नाही. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी माझ्या पाठीवरची जखम बघितली, "छान भरलीय," म्हणाले, आणि मला एवढं भरून आलं की मी तिथल्या तिथं खाली वाकून त्यांच्या पाया पडलो.

वाकलो खरा. वर काही आलो नाही.

डॉक्टर माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. पायांत काळे बूट होते, त्यातल्या एकाची लेस जरा सैल होती. हे इतकं बारकाईनं सांगता येतंय, कारण पुढची दोन-तीन मिनिटं माझ्या नजरेसमोर दुसरं काही नव्हतंच. वरून आवाज आला, "अहो, हे काय करताय? आत्ताच काय सांगितलं मी तुम्हाला?" पंचवीस-सव्वीस वर्षांची मास्तरकी अंगात भिनलेली. प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं. मी खालूनच म्हणालो, "वाकायचं नाही."

बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांनी दारातून माना आत घातल्या. डॉक्टरांनी एका काखेत हात घातला, नर्सबाईंनी दुसऱ्या. माझी बायको शालन मागं उभी होती. तिच्या एका हातात एक्स-रेची मोठी पिशवी, दुसऱ्या हातात माझी काठी. मला उभं केल्यावर ती दारातून आत आलेल्या मानांकडं बघून म्हणाली, "पीटीचं मास्तर हायती. सवय हाय वाकायची."

हे खरंच होतं. मी हायस्कूलला खेळाचा शिक्षक. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोरापोरींना मी मैदानावर उभं करून "कंबर वाकव, गुडघे ताठ!" असं ओरडत आलोय. माझं दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे "पाय घासू नकोस, उचल!" संचलनात पाय घासणाऱ्याला मी शिट्टी मारून रांगेबाहेर काढायचो. पोरं माझ्या पाठीमागं माझी नक्कल करायची ती ह्याच वाक्याची. आणि माझ्या पाठीचा मणका सरकला तोही मैदानावरच. शिक्षकांची रस्सीखेच होती. समोरच्या बाजूला गणित, भूगोल आणि चित्रकला अशी किरकोळ शरीरयष्टीची माणसं. मी आमच्या दोराच्या शेवटी, कमरेला वेढा घालून, जहाजाचा नांगर असल्यासारखा. पाठीत काहीतरी कट्‌कन वाजलं. हरलोही आम्हीच.

पाठ दुखत राहिली, शेकत राहिलो, मालिशवाले झाले, मलकापूरच्या मेहुणीनं पाठवलेलं तेल झालं. मग एका सकाळी डावं पाऊल घोट्यापासून वर उचलायचंच बंद झालं. चालायला लागलो की पंजा पुढं लोंबायचा आणि जमिनीला घासायचा. नस दबली होती. सांगलीला नेलं, ऑपरेशन झालं, पाठीची कळ दुसऱ्या दिवशी गेली. पाऊल मात्र आलं नाही. डॉक्टर म्हणाले, "दाब काढलाय आम्ही. आता नस जागी कधी होते ते तिच्यावर. पहिल्या काही महिन्यांत हालचाल दिसली तर छान. नाही दिसली, तर पायाला पट्टा कायमचा धरून चाला."

तेव्हापासून आमच्या घरात एकच गोष्ट महत्त्वाची होती. माझं डावं पाऊल उचलणार की नाही.

*

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे सकाळी खिडकी उघडली आणि हळद शिजल्याचा वास आत आला. आमच्या कृष्णाकाठच्या गावांत उन्हाळा वासानं सुरू होतो. कच्च्या आल्यासारखा, ओल्या मातीसारखा आणि मध्येच उसाच्या पाचटाच्या धुरासारखा तो वास. ट्रॅक्टरला जोडलेला बॉयलर ह्या शेतातून त्या शेतात फिरतो, वाफेचे लोट निघतात, आणि वळचणीला वाळत घातलेल्या धुण्यालासुद्धा पंधरा दिवस तोच वास येत राहतो. सगळं हळूहळू पिवळं होत जातं. पायाचे तळवे, चपला, दाराची कडी, भाकरीच्या काठावरचे बोटांचे ठसे. एका मार्चमध्ये आमचं पांढरं मांजर महिनाभर पिवळं फिरत होतं.

शालनचं माहेर लोणंदकडचं. तिकडं कांदा आणि ज्वारी. लग्न होऊन आली तेव्हा शिजलेल्या हळदीचं खळं बघून ती म्हणाली होती, "आमच्याकडं हळद नवरा-नवरीला लावण्यापुरतीच असती. तुमी तर गावालाच लावलीया." आता तिला हळकुंड मोडून, त्याचा आवाज ऐकून वाळलंय की नाही ते कळतं. मला अजून कळत नाही. माझ्या नावावर अर्धा एकर हळद असते, पण ती करते शालनच. मी शाळेतून येऊन "काय, कसं चाललंय?" असं विचारायचो, एवढंच माझं शेतीतलं योगदान.

*

पाया पडायच्या त्या प्रकरणाआधी एक गोष्ट घडली होती. तिच्यामुळंच मला एवढं भरून आलं होतं. सांगलीला दाखवायला जायच्या चार दिवस आधी माझा डावा अंगठा हलला होता. अगदी एवढासा. झोपेत कान हलवणाऱ्या कुत्र्यासारखा. रोज सकाळी चहाचा कप ठेवला की शालन पांघरूण वर करायची, पायाकडं बघायची आणि एकच शब्द विचारायची, "अंगठा?" मी डोळे मिटून सगळा जोर एकवटायचो. काही व्हायचं नाही. मी म्हणायचो, "गैरहजर." ती पांघरूण खाली करायची. आणि त्या दिवशी तो हलला. तिनं दोनदा हलवायला लावलं, आबांना बोलावून आणलं, पुन्हा हलवायला लावलं.

आबा म्हणजे माझे वडील. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेत. वय ब्याऐंशी, पाठ अशी सरळ की भिंतीला टेकून उभे राहिले तर मध्ये कागद जाणार नाही. ते अंगठ्याकडं बघून म्हणाले, "हाजिर हाय."

आणि मग मी सांगलीला जाऊन वाकलो.

घरी आणलं ते आडवंच. पुन्हा तीच कळ, पुन्हा कंबरेपासून पोटरीपर्यंत वीज. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, नवीन काही सरकलेलं नाही, सूज आलीय, तीन आठवडे गप पडून राहा. पडून राहिलो. सकाळ झाली, चहा आला, पांघरूण वर झालं. "अंगठा?"

"गैरहजर."

दुसऱ्या दिवशीही तेच आणि तिसऱ्याही. पुढं पुढं तिनं विचारायचं बंद केलं. नुसतं पांघरूण वर करायची, बघायची, खाली करायची. विचारत होती तेव्हा मला त्रास होत नव्हता एवढा ती गप्प राहिल्यावर व्हायला लागला.

तीन आठवडे माणूस छताकडं बघत राहिला की त्याला कळतं, आपण किती कमी गोष्टी स्वतःच्या हातानं करू शकतो. माझ्या पायांची नखं शालन काढायची. मोजे घालायला माझा हात पोचायचा नाही. पुढं उठायला लागलो तेव्हा बुटात घालायचा एक प्लास्टिकचा पट्टा मिळाला. पंजा लोंबू नये म्हणून मोज्यावरून तो घालायचा, वरून बूट. शालन पहाटेपासून शेतात असायची, म्हणून हे काम आबांनी अंगावर घेतलं. पहिल्या दिवशी ते माझ्या पायाशी खाली बसले तेव्हा मी पाय मागं घेतला.

"आबा, नको. तुम्ही नको."

"का?"

"माझ्या पायाला हात लावताय."

आबांनी माझ्याकडं वर बघितलं. "तू एवढासा हुतास तवा हेच पाय धुतल्यात मी. सुट्टीवर आलो की तुज्या आईला म्हणायचो, आण त्याला हिकडं. गप बस आता." आणि त्यांनी लेस अशी ओढून बांधली की संध्याकाळपर्यंत गाठ हलली नाही. फौजी गाठ. रोज सकाळी सातला ते यायचे, पाय तपासायचे, बूट चढवायचे, बुटावरून एकदा हात फिरवायचे आणि फौजेतली आजाऱ्यांची हजेरी उरकल्यासारखं म्हणायचे, "चल, सिक रिपोर्ट संपली."

आमच्याकडं कुणाचे आभार मानायची पद्धत नाही. तोंडानं "धन्यवाद" म्हटलं तर माणूस रागावल्यासारखा बघतो. कुणी काही केलं की आपण मोठ्यांच्या पाया पडतो, लहानांच्या पाठीवर थाप मारतो, बरोबरीच्याला "चल, चहा घेऊ" म्हणतो. त्यातलं पाया पडणं माझं बंद, थाप मारायची तर हिसका बसायचा, आणि चहाला टपरीपर्यंत चालत जाता येत नव्हतं. म्हणजे घेत सगळं होतो आणि परत करायला हातात काही नव्हतं. हे मला पाठीच्या दुखण्यापेक्षा जड गेलं. नुसतं घेता येणं हीसुद्धा शिकायचीच गोष्ट आहे, हे खेळाच्या कुठल्या पुस्तकात मी वाचलं नव्हतं.

*

मी काठी टेकत अंगणात यायला लागलो तेव्हा हळद शिजून खळ्यावर पसरली होती. शालननं मला सावलीत खुर्ची दिली, हातात लांब बांबू दिला आणि कोंबड्या हाकलायचं काम दिलं. हायस्कूलच्या क्रीडा विभागाचा प्रमुख आता तीन कोंबड्यांचा प्रमुख झाला होता. त्यांपैकी एक माझं ऐकायची नाही.

हळदीच्या कामाला ताराक्का आणि तिच्या चार बायका यायच्या. ताराक्का मिरजेच्या पलीकडची, साठीची, आवाज माझ्या शिट्टीच्या वरचा. शिजलेली हळद उन्हात वाळत घातली की ती दिवसातून दोन-तीनदा खालीवर करावी लागते, नाहीतर खालची काळी पडते. ह्याला अवजार लागत नाही. अनवाणी पायांनी, पाऊल न उचलता, घासत घासत हळदीतून चालत जायचं. पायाच्या दोन्ही बाजूंना हळकुंडं उलथतात आणि मागं दोन रेघा पडतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, वळायचं, शेजारून परत यायचं. लांबून बघितलं तर खळ्यावर नांगरट केल्यासारखी दिसते.

ऊसतोडीचाही हंगाम चालू होता, बायामाणसं मिळत नव्हती. ताराक्काच्या टोळीतली एक जण लेकीच्या बाळंतपणाला गेली. ताराक्का कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मास्तर, नुस्तं बसून कोंबड्या हाणतायसा. हळदीत पाय फिरवा की."

"अगं, माझा डावा पाय उचलत नाही."

"हळदीत पाय उचलायचाच न्हाई. वडायचा असतोय."

सबंध महाराष्ट्रात एकच काम असं असेल की ज्याला पाय न उचलणारा माणूस लागतो, आणि ते माझ्याच अंगणात चाललं होतं!

शालन म्हणाली, "डॉक्टरला इचारल्याबिगर न्हाई." तिनं फोन लावला. डॉक्टरांना हळदीचं प्रकरण समजावून सांगायला तिला पाच मिनिटं लागली. शेवटी ते म्हणाले, सपाट जागेवर चालायला हरकत नाही, काठी हातात हवी, कुणीतरी बाजूला हवं, आणि वाकायचं नाही. "वाकायचं नाही" हे त्यांनी दोनदा म्हटलं म्हणे.

असा मी कामाला लागलो. बूट, पट्टा, मोजा सगळं उतरवून अनवाणी हळदीत उतरलो. एका बाजूला आबा त्यांची काठी घेऊन कडेकडेनं चालायचे, दुसऱ्या बाजूला शालनची ओळ. शिजलेली हळकुंडं पहिल्या दिवशी मऊ असतात, बोटांत अडकतात. उजव्या पायाला सगळं कळायचं, गारवा, ओल, एखादं टोक टोचलेलं. डाव्याला वरवर काहीच कळायचं नाही. माझाच पाय, पण शेजाऱ्याकडून मागून आणल्यासारखा. तो मुकाट्यानं मागनं यायचा.

वळून बघितलं तर उजवी रेघ जरा वाकडीतिकडी, मध्येच उथळ, कारण चांगला पाय सवयीनं उचलायला बघतो. डावी रेघ मात्र पट्टी लावून ओढल्यासारखी, खोल, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड.

ताराक्का बायकांना म्हणाली, "बघा गं बघा. रेघ बघा मास्तरची. शिका जरा."

सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या चालण्याचं कुणी एवढं कौतुक केलं नव्हतं. आणि केलं ते पाय घासल्याबद्दल. मैदानावर मी ज्यांना रांगेबाहेर काढलं त्या सगळ्या पोरांचे चेहरे त्या दुपारी मला एकेक करून आठवले. त्यातल्या एकीचा पाय लहानपणीच्या तापात गेला होता. ती उचलूच शकत नव्हती. मला ते नंतर कळलं, आणि मी तिला सावलीत बसवलं, आणि त्याला मी दया समजलो. तिला ताराक्का भेटायला हवी होती.

*

चौथ्या दिवशी मी पुन्हा शहाणपणा केला. सकाळच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या. शालन बॉयलरकडं गेली होती, आबा जेवून लवंडले होते. मला वाटलं, आपलं कौतुक चाललंय तर दुपारची एक फेरी एकट्यानं मारून टाकावी. खळं सिमेंटचं, ऊन डोक्यावर. उजव्या पायाला चटके बसायला लागले तशी मी उजवी टाच उचलून उचलून चाललो आणि सगळा भार डाव्यावर दिला. डावा बिचारा काही बोलला नाही. त्याला कळलंच नव्हतं.

संध्याकाळी पाय धुताना शालनला अंगठ्याच्या बाजूला रुपयाएवढा फोड दिसला. सकाळपर्यंत तो फुटला, मग चिघळला. ड्रेसिंग, गोळ्या आणि पुन्हा दहा दिवस खुर्ची. कोंबड्यांना आनंद झाला.

फोडासाठी सांगलीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी पायाचीही तपासणी केली. पाऊल वर ओढायला सांगितलं. मी ओढलं. म्हणजे डोक्यात ओढलं. खाली पायात काही झालं नाही. त्यांनी बोटानं नडगीवर टिचक्या मारल्या, कागदावर काहीतरी लिहिलं आणि खाली मान घालूनच म्हणाले, "पट्टा घालत चला. सवय होईल त्याची." एवढंच. पण "सवय होईल" ह्याचा अर्थ मला आणि शालनला दोघांनाही कळला. येताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत होती. आष्टा आल्यावर म्हणाली, "मैदानावर नसलं जमत तर नसूं द्या. हेडसर म्हणत हुतं, लायब्ररी मोकळीच हाय." मी "हूं" म्हणालो. लायब्ररीत शिट्टी वाजवता येत नाही, असं काहीतरी विनोदी बोलायचं मनातच राहिलं.

त्या आठवड्यात मी बाहेरच आलो नाही. फोड बरा झाला तरी नाही. सकाळी सातला आबा बूट घेऊन आले तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून पडलो होतो.

"उठ."

"कशाला? काय फरक पडणार आहे?"

आबा कॉटच्या कडेला बसले. "फरक पडंल म्हणून तुला बूट घालतोय व्हय मी?" ते म्हणाले. "तुला बूट घालायचं हाय म्हणून सकाळी उठतो. तुजी आई गेल्यापासनं सातला उठायला मला काय काम हुतं रं?"

मी वळलो. त्यांच्या हातात माझा डावा बूट होता, पॉलिश केलेला. जो पाय फरफटत चालतो त्याच्या बुटाला कोण पॉलिश करतं? पुढचं टोक तर रोज घासून पांढरं व्हायचं. आबा रोज करत होते. मी आजवर बघितलंही नव्हतं.

उठलो. बूट घातला, खळ्यापर्यंत गेलो, बूट काढला आणि नव्यानं शिजून आलेल्या हळदीत पुन्हा उतरलो. ह्या वेळी फक्त कोवळ्या उन्हात, आबांच्या नजरेखाली, शालनच्या शेजारच्या ओळीत.

*

आता गावात असं बोललं जातं की हळदीनं मास्तरचा पाय बरा केला. गेल्या वर्षी इस्लामपूरहून एक गृहस्थ आपल्या मेव्हण्याला घेऊन आले होते, खळं बघायला. मी त्यांना चहा पाजला आणि सांगलीच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. डॉक्टरांनाही मी विचारलं होतं. ते म्हणाले, नस आपल्या वेळेला जागी होते, हळदीचं मला विचारू नका, पण चालत राहिलात ते बरं केलंत. मीही एवढंच म्हणेन. कुणी कशानं बरं होतं हे मला कळत नाही. एवढं कळतं की मी बरा होत होतो तेव्हा माझ्या भोवती कोण कोण होतं. कुणी बूट पुसत होतं, कुणी पांघरूण वर करून बघत होतं, कुणी माझ्या फरफटीला रेघ म्हणत होतं. ह्यांतल्या एकानंही मला "धीर धर" म्हटलं नाही. सगळे आपापलं काम करत होते आणि त्या कामात त्यांनी मला जागा करून दिली होती.

आज वास आला तेव्हा हे सगळं पिवळ्या रंगात आठवलं. खळ्यावरचं सकाळचं ऊन, वाळत आलेल्या हळकुंडांचा खडखडाट, आबांच्या काठीची टकटक, शालनच्या पैंजणाला चिकटलेली हळदीची भुकटी. त्या दिवसांत मी दुःखी होतो, हे मला ठाऊक आहे. पण आठवताना दुःख कुठं ठेवलंय ते सापडत नाही.

आणि सापडते ती शेवटच्या खेपेच्या हळदीतली एक सकाळ. चार-पाच दिवसांत साल घासून काढायला, पॉलिशला जाणार होती. हळकुंडं चांगली कडक झाली होती, चालताना दगडगोट्यांतून चालल्यासारखं वाजायचं. मी चार फेऱ्या मारून काठीवर टेकून उभा होतो. ताराक्का माझ्या ओळीपाशी आली आणि थांबली.

"मास्तर, ही काय रेघ हाय व्हय?"

"का? काय झालं?"

"मधी मधी तुटलीया. खालची हळद तशीच ऱ्हायली बघा. हितं… हितं… आन्‌ ह्ये हितं. लक्ष कुठं हाय तुमचं?"

मी ओशाळलो. "थकलो असेन. पुन्हा मारतो फेरी."

"उजवी तर बराबर हाय," ती पुटपुटली. "डावीच तुटलीया."

पलीकडच्या ओळीत शालन चालत होती. ती थांबली. वळली. हळूहळू माझ्या ओळीच्या कडेनं आली आणि खाली बसली. डाव्या रेघेत दर दोन-अडीच हातांवर वीतभर जागा कोरी होती. तिथं हळद उलथलीच नव्हती. तिनं एका कोऱ्या जागेवर तळहात ठेवला. मग दुसऱ्या. मग वर न बघता मला म्हणाली, "परत चाला."

"काय झालं?"

"चाला म्हणते न्हवं."

मी चाललो. खाली बघायचं धाडस झालं नाही, समोर आबांकडं बघत चाललो. हळकुंडांचा आवाज ऐकत होतो. उजवीकडं सरसर, सरसर. डावीकडं सरसर, मग मध्येच काही नाही, मग पुन्हा सरसर. आबा सावधानमध्ये उभे राहावेत तसे उभे होते. टोकाला पोचून वळलो तेव्हा ताराक्कानं पदर तोंडाला लावला होता आणि बाकीच्या बायका कामं टाकून माझ्या पायांकडं बघत होत्या. शालन उठली, साडीला हात पुसले, आत गेली आणि सगळ्यांसाठी पाण्याची कळशी घेऊन आली. मला तिनं तांब्या दिला तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण हळदीच्या दिवसांत सगळ्यांचेच असतात.

दुपारी जेवायला बसलो. आबा, मी, आणि वाढायला शालन. तिनं माझ्या ताटात भाकरी टाकली, आमटी वाढली, एक कांदा बुक्कीनं फोडून ठेवला. मग परातीत पुढची भाकरी थापायला घेत, माझ्याकडं पाठ करून, रोजच्याच आवाजात म्हणाली,

"उद्यापासनं हळदीत तुमी नको. काम बिघडवताय. ताराक्काला सांगिटलंय मी, पाय नीट वडणारं दुसरं माणूस बघ म्हणून."